माता-पित्यांचे देश दोन : अपत्याचे नागरिकत्व कोणते?

शिक्षण, नोकरी व व्यवसाय यांच्या निमित्ताने परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुलामुलींचे विवाह आता तेथील नागरिकांशीही होतात. अशा दांपत्यास मूल झाले, म्हणजे ते आईच्या देशाचे की वडिलांच्या, हा प्रश्न केवळ घरगुती कौतुकाचा राहत नाही. जन्मनोंद, पारपत्र, शाळाप्रवेश, मतदारयादी अशा निरनिराळ्या टप्प्यांवर तो शासकीय यंत्रणेपुढे येतो. आणि पुष्कळदा प्रथम येतो तो गावच्या जन्म-मृत्यू निबंधकापुढे किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे. ‘त्याला दोन्ही देशांचे नागरिकत्व आहे,’ असे उत्तर अशा वेळी सहजपणे दिले जाते. भारतापुरते बोलायचे तर हे उत्तर बरोबर नाही. मात्र ते सर्वस्वी चूक आहे असेही म्हणता येत नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ९ मध्ये आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ मध्ये (क्रमांक जुळला हा योगायोगच) तत्त्व एकच आहे : जो स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व संपादन करतो, तो भारताचा नागरिक राहत नाही. येथे ‘स्वेच्छेने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नवजात बालकास स्वेच्छा कोठून असणार? त्यास वडिलांच्या देशाचे नागरिकत्व त्या देशाच्या कायद्याने आणि आईच्या देशाचे आपल्या कायद्याने, न मागता, एकाच वेळी प्राप्त होऊ शकते. कायद्यात दुहेरीपणास जी काही थोडी जागा आहे, ती येथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, सातारा जिल्ह्यातील एक मुलगी अभियंता म्हणून जर्मनीत गेली व तिने तेथील नागरिकाशी विवाह केला. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. त्याप्रमाणे ती साताऱ्यास आली आणि येथे मूल जन्मले, तर ते जन्माने भारतीय नागरिक होय. त्यासाठी दोन गोष्टी पाहिल्या जातात : माता-पित्यांपैकी एक भारतीय नागरिक असणे आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसणे. ही दुसरी अट ३ डिसेंबर २००४ पासून लागू आहे. त्यापूर्वी, १ जुलै १९८७ पासून, माता-पित्यांपैकी एक भारतीय असला की पुरे होते. आणि त्याही आधी, २६ जानेवारी १९५० पासून, काही मोजके अपवाद सोडता, भारतभूमीवर जन्म होणे एवढेच पुरेसे होते. म्हणून जुन्या प्रकरणांत जन्मतारीख पाहिल्यावाचून मत देऊ नये.

तेच मूल स्टुटगार्टला जन्मले तर मात्र मार्ग बदलतो. मग त्याचे भारतीय नागरिकत्व जन्मस्थानावर नव्हे, तर वंशावर अवलंबून राहते. या बाबतीत आपला कायदा दीर्घकाळ केवळ पित्याकडे पाहत असे. परदेशी जन्मलेल्या मुलाचा पिता भारतीय असेल तरच मूल भारतीय. माता भारतीय असून उपयोग नसे. १० डिसेंबर १९९२ पासून हा भेद दूर झाला व मातेच्या नात्यानेही नागरिकत्व मिळू लागले. वंशाने मिळणाऱ्या या नागरिकत्वास ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आहे. जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद व्हावी लागते, आणि मुलाजवळ अन्य देशाचे पारपत्र नाही असे माता-पित्यांनी लेखी द्यावे लागते. वर्ष उलटल्यास केंद्र शासनाची परवानगी घ्यावी लागते.

कुटुंबांची फसगत होते ती बहुधा याच ठिकाणी. प्रवासाच्या घाईत वडिलांच्या देशाचे पारपत्र काढले जाते, वकिलातीतील नोंद राहून जाते, आणि आजोळी येताना मूल परदेशी नागरिक म्हणून व्हिसा घेऊन येते. जर्मनीने २७ जून २०२४ पासून एकाहून अधिक नागरिकत्वांस सर्वसाधारणपणे मुभा दिली आहे. ‘तिकडे चालते’ म्हणून इकडेही चालेल, असा समज त्यामुळे अधिकच पसरण्याचा संभव आहे. प्रत्येक देश आपल्या नागरिकत्वापुरताच निर्णय करतो. एकाची परवानगी दुसऱ्यास बांधून घेत नाही.

अठरा वर्षे व सहा महिने

वकिलातीत रीतसर नोंद झालेले मूल अज्ञान असेपर्यंत भारतीयही असते आणि पित्याच्या देशाच्या कायद्याने तेथील नागरिकही असू शकते. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व सोडावे लागते. न सोडल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यासाठी कोणी नोटीस धाडण्याची गरज नसते. बारावीच्या परीक्षा आणि प्रवेशाची धावपळ नेमकी याच काळात असते, त्यामुळे पालकांना ही मुदत वेळीच ठाऊक असलेली बरी.

ओसीआय म्हणजे काय नव्हे

२००५ सालच्या दुरुस्तीनंतर ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ अथवा ओसीआय ही नोंदणी सुरू झाली. नावात ‘सिटिझन’ असल्याने बराच घोटाळा होतो. हे नाव निवडताना अधिक विचार व्हावयास हवा होता असे वाटते. ओसीआय कार्डधारक हा परदेशी नागरिकच असतो. त्यास आजीव व्हिसा मिळतो, वारंवार येता-जाता येते, येथे राहून शिक्षण व बहुतेक व्यवसाय करता येतात. परंतु त्यास मतदान करता येत नाही, सर्वसाधारणपणे शासकीय सेवेत प्रवेश मिळत नाही व शेतजमीन खरेदी करता येत नाही. ज्या अज्ञान मुलाच्या माता-पित्यांपैकी एक भारतीय नागरिक आहे, त्यास हे कार्ड मिळू शकते.

शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. केंद्र शासनाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षांत ओसीआय विद्यार्थी अनिवासी भारतीयांच्या अथवा अधिसंख्य जागांसाठीच पात्र ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्णयामुळे, ४ मार्च २०२१ पूर्वी कार्ड मिळालेल्यांना पूर्वीची सवलत राहिली. म्हणजे महाराष्ट्रातच पहिलीपासून शिकलेल्या मुलाच्याही कार्डावरील तारीख पाहणे आवश्यक झाले आहे. हे अकरावीतच कळले तर पालकांना खर्चाचा अंदाज तरी बांधता येतो.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने मुख्य काम जन्मनोंदीचे. गावात झालेला प्रत्येक जन्म, माता-पिता कोणत्याही देशाचे असोत, नोंदवावयाचा असतो. वडील परदेशी आहेत म्हणून नोंद नाकारता येत नाही. नेहमीची मुदत एकवीस दिवसांची. जन्मदाखला हा नागरिकत्वाचा दाखला नव्हे, हे खरे. परंतु जन्म कोठे व केव्हा झाला याचा तो मूळ पुरावा होय, आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत त्याचे महत्त्व कायद्यानेच वाढविले आहे. परदेशी पित्याचे नाव पारपत्रातील अक्षररचनेबरहुकूम लिहून घेतले नाही, तर पुढे दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात.

मतदारयादीचा प्रश्न मुलापेक्षा सुनेच्या बाबतीत आधी उभा राहतो. परदेशी स्त्री गावच्या घरात सून म्हणून आली, मराठी बोलू लागली, सणावारी हळदीकुंकवास जाऊ लागली, तरी विवाहाने ती भारताची नागरिक होत नाही. विवाह नोंदविलेला असून तो सलग दोन वर्षे टिकला असेल तर तिला ओसीआय कार्ड मागता येते. नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी अर्ज करण्यापूर्वी सात वर्षे भारतात वास्तव्य असावे लागते. ती नोंदणी होईपर्यंत तिचे नाव मतदारयादीत घालता येत नाही व तिला ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येत नाही. तिच्या मुलाचा जन्म गावात झाला असेल आणि पिता भारतीय असेल, तर मूल मात्र जन्मापासून भारतीय असते. त्यासाठी आईच्या अर्जाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.