मागच्या डिफरन्शियलची निगा

ट्रस्टची रुग्णवाहिका जुनी झाली, वळणावर मागून कण्हते, तेव्हा ती विकून टाकावी, अशी सूचना या महोत्सवी वर्षी काही सभासदांनी केली आहे. विकण्यास आमचा विरोध नाही. परंतु कण्हण्याचे कारण न शोधता गाडी मोडीत निघाली, तर खानापूरच्या पश्चिमेकडील चिखलवाटांवरून रुग्ण आणण्याचे साधन हकनाक हातचे जाईल.

मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. ती दोन्हीकडे जोर सारखाच वाटते, आणि हाच तिचा दोष. एक चाक चिखलात गरगरू लागले की त्याला जेमतेम जोर पुरतो. तेवढाच कोरड्यावरच्या चाकाला मिळतो व गाडी जागची हलत नाही. चारही चाकांना ओढ असली, तरी पुढचे एक आणि मागचे एक घसरले की तीच गत. यावर तोड म्हणून डिफरन्शियलच्या पोटात क्लच-प्लेटी बसवू लागले. अमेरिकेत १९५६ च्या पॅकार्ड मोटारींत ही सोय मिळू लागली, व लवकरच जीपसारख्या गाड्यांतही आली. तिला लिमिटेड-स्लिप म्हणतात. आमच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये तीच आहे. एक प्लेट बाहेरच्या घराला अडकलेली, दुसरी चाकाकडच्या गिअरला, अशा त्या एकाआड एक असतात व स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. वळणावर त्या किंचित सरकतात; चिखलात एकमेकींना धरून ठेवतात.

या प्लेटी तेलात बुडालेल्या असूनही त्यांचे काम घर्षणावर चालते, म्हणून येथे तेल हा यंत्राचा एक भागच समजावा. क्राउन-पिनियनच्या दात्यांसाठी जीएल-५ प्रतीचे तेल तर लागतेच, शिवाय प्लेटी झटके न देता सरकाव्यात यासाठी त्यात एक खास द्रव्य असावे लागते. अशा तेलाच्या डब्यावर ‘एलएसडी’ किंवा ‘लिमिटेड-स्लिप’ असे छापलेले असते. ते द्रव्य नसले, किंवा जुने होऊन निकामी झाले, की प्लेटी क्षणात चिकटतात, क्षणात सुटतात. फळ्यावर खडू करकरतो तोही याच जातीचा प्रकार होय. तेव्हा हळू व तीव्र वळणावर येणारे कण्हणे हे बहुधा तेलाचे गाऱ्हाणे असते. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घरघर मात्र निराळी. ती बेअरिंगची किंवा दात्यांची असते आणि तिला तेल पुरत नाही.

तेल बदलताना गाडी थोडी चालवून आणावी व सपाट जागी उभी करावी. आधी वरचा भरणीचा प्लग सुटतो की नाही ते पाहावे, मगच खालचा सोडावा. तेल गळून गेले आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी तेथेच अडकते. खालच्या प्लगला लोहचुंबक असल्यास त्यावरची करडी, बारीक लेई ही नेहमीची झीज समजावी. कण वा तुकडे सापडले तर घर उघडावेच लागेल. नवे तेल भरणीच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. नंतर मोकळ्या मैदानात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे आठ-दहा फेरे हळू मारावेत, म्हणजे तेल प्लेटींच्या मधोमध पोचते. आवाज गेला, तर गाडी विकण्याचे ते कारणही गेले.

याउलट झिजलेल्या प्लेटी मुळीच आवाज करीत नाहीत, हे अधिक वाईट. डिफरन्शियल मुकाट्याने साधे होऊन बसते आणि ते कळते ऐन पावसात, ओढ्याच्या चढणीवर. यासाठी मृगापूर्वी परीक्षा घ्यावी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावून मागचा ॲक्सल भक्कम घोडीवर घ्यावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडावा व एक चाक हाताने फिरवावे. दुसरे त्याच दिशेस फिरले तर प्लेटींत जीव आहे. उलट फिरले तर नाही. नेमका जोर मोजायचा, तर टॉर्क-पाना लावून पुस्तिकेतला आकडा ताडावा.

मात्र एक गोष्ट कधीही करू नये. मागचे एकच चाक जॅकवर असताना इंजिन सुरू करून गिअर टाकू नये. साध्या गाडीत उचललेले चाक नुसते फिरते. या गाडीत जमिनीवरचे चाकही ओढते आणि गाडी जॅकवरून उडी घेते. आमच्या ड्रायव्हरला हे ठाऊक आहे, पण पंक्चर काढायला वाटेत भेटणाऱ्या माणसाला ठाऊक असेलच असे नाही.

मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे हवेत. काटकसर म्हणून एकच नवा टायर मागे घातला, तर सरळ रस्त्यावरही प्लेटी अखंड घासत राहतात, आणि वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट दुरुस्तीत जातात. पाण्यातून गाडी नेल्यावर तेल लगेच पाहावे : तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, पाणी खेचले जाते व तेल दुधाळ होते. असे तेल त्याच आठवड्यात बदलावे, आणि वरची हवेची नळी चिखलाने बुजली नाही ना, तेही त्याच वेळी पाहावे.