मंत्री ते न्यायमूर्ती : कृष्ण अय्यर यांचा प्रवास

आज आपण एका साध्या पण अवघड प्रश्नाकडे वळणार आहोत. काल मंत्री असलेला माणूस आज न्यायाधीश झाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा का? व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या आयुष्यातून हा प्रश्न नीट समजतो.

अय्यर हे मलबारातल्या तलश्शेरीचे वकील. शेतकरी-कामगारांचे, कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचे खटले ते लढवत. कम्युनिस्टांना कायदेशीर मदत केल्याच्या आरोपावरून 1948 मध्ये सुमारे महिनाभर ते स्वतःच तुरुंगात होते. 1952 मध्ये ते मद्रास विधानसभेवर अपक्ष म्हणून निवडून आले. 1957 मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचं सरकार आलं, त्यात कायदा, गृह, तुरुंग, पाटबंधारे, वीज अशी खाती त्यांच्याकडे होती. म्हणजे काही वर्षांपूर्वी कोठडीत बसलेला माणूस आता तुरुंगांचा मंत्री! 1959 मध्ये केंद्रानं ते सरकार बरखास्त केलं. पुढे अय्यर पुन्हा वकिलीकडे वळले आणि 1968 मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

1973 मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमलं गेलं, तेव्हा विरोध झाला. मुंबईतले काही वकील त्यात पुढे होते. सोली सोराबजी त्यांपैकीच एक. ही शंका काही वेडगळ नव्हती. त्याच वर्षी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले होते. सरकारला सोयीची माणसं बसवली जात आहेत, असं वाटायला जागा होती.

मग 24 जून 1975 चा दिवस उजाडला. अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली होती. न्यायालयाला सुट्टी असल्यामुळे स्थगितीचा अर्ज अय्यर यांच्या एकट्यापुढे आला. त्याआधी कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी भेटायची इच्छा फोनवरून व्यक्त केली होती. अर्ज रजिस्ट्रारकडे द्या, भेटीची गरज नाही, असं आपण सांगितल्याचं अय्यर यांनी पुढे नमूद केलं आहे. इंदिराजींकडून नानी पालखीवाला, राज नारायण यांच्याकडून शांती भूषण, असे दोन दिग्गज समोर. निकाल आला तो सशर्त : पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात बोलताही येईल, पण खासदार म्हणून मतदान करता येणार नाही आणि वेतनही नाही. मागितली होती बिनशर्त स्थगिती, ती मिळाली नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी जाहीर झाली. आपला अंदाज चुकला, हे सोराबजींनी पुढे मोकळेपणानं मान्य केलं.

आता दुसरी बाजू पाहू. राजकारणातला अनुभव न्यायासनावर उपयोगी पडतो का? महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1978. आरोपीला मुंबई उच्च न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा दिली होती. निकालाची प्रत हाती न आल्यामुळे अपिलाला चार वर्षांहून जास्त उशीर झाला, असं त्याचं म्हणणं. त्याची याचिका फेटाळली गेली. पण अय्यर तिथे थांबले नाहीत. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळालीच पाहिजे, आणि वकील करणं परवडत नसेल तर तो सरकारनं द्यायला हवा, हे त्यांनी ठरवून दिलं. पुढच्याच वर्षी तिहारमधल्या कैद्याचं एक पत्र हीच याचिका मानली गेली. आतून तुरुंग पाहिलेल्या माणसाला कागद न मिळण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पण इथे एक सावधगिरी हवी. सगळेच असे नसतात. बहारुल इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, मग गुवाहाटीला न्यायाधीश, मग सर्वोच्च न्यायालयात. डिसेंबर 1982 मध्ये बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्यावरचा खटला मागे घेण्यास ज्या बहुमतानं मान्यता दिली, त्यात ते होते. जानेवारी 1983 मध्ये राजीनामा दिला आणि ते काँग्रेसचे उमेदवार झाले. निकाल प्रामाणिक असेलही. पण लोकांच्या मनातली शंका कशी जाणार? अय्यरही 1987 मध्ये विरोधी पक्षांतर्फे राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि हरले, मात्र निवृत्तीनंतर सात वर्षांनी.

आपल्या राज्यघटनेत निवृत्त न्यायाधीशानं राजकारणात जाण्यासाठी थांबण्याची मुदत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला वकिली करायला बंदी आहे, निवडणूक लढवायला नाही. म्हणजे सगळा भार त्या माणसाच्या विवेकावर.

तर मंडळी, तो कुठून आला एवढंच पाहून भागत नाही. जुन्या ओळखीचा फोन आला तेव्हा तो काय बोलला, आणि खुर्ची सोडल्यावर कोणत्या दारातून किती घाईनं बाहेर पडला, हेही आपण पाहायला हवं.