बाजारात तुरी : तयार होण्याआधीच जाहीर झालेल्या सॉफ्टवेअरची गोष्ट





गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक वयस्कर सभासद उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ऊसाची नोंद आन् तोडीची पाळी मोबाईलवर दिसणार, असं दोन वरसं ऐकतोय. कधी दिसणार ते सांगा, न्हाईतर दिसत न्हाई असं तरी सांगा." सभेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सभेत त्याचे उत्तर दोन वाक्यांत दिले गेले. ते पुरेसे नव्हते, म्हणून या अंकात हा विषय सविस्तर मांडत आहोत.

आधी आमची चूक

दोन हंगामांमागे एका कंपनीची माणसे कारखान्यावर आली. त्यांनी पडद्यावर आपल्या गटांची नावे, सभासदांची नावे, लागणीच्या तारखा, सारे झरझर फिरवून दाखवले. आम्ही भारावलो. पुढच्या हंगामाला हे सुरू होणार, असे सभेत जाहीर झाले आणि आम्ही ते याच बातमीपत्रात ठळक अक्षरांत छापले.

परिणाम काय झाला? अनेकांनी विचार केला, आता मोबाईलवरच नोंद करायची आहे, तर गट कार्यालयात खेटे कशाला घाला? शेतकी खात्यानेही नोंदीच्या फॉर्मची छपाई कमी केली. मृगाची, आडसालीची लागण झाली, पण नोंद राहिली. सॉफ्टवेअर काही आले नाही. पडद्यावर फिरत होती ती हाताने भरलेली दहा-बारा नावे, हे आम्हाला मागून कळले. नोंद उशिरा झाली म्हणून काहींचा ऊस क्रमपाळीत मागे गेला, तुरा आला आणि ऐन एप्रिलच्या उन्हात वजनात मार बसला. त्यांची पाळी चुकायला आमची बातमी कारण झाली, हे आम्ही कबूल करतो.

मग आम्ही चौकशी केली, की असे जगात आणखी कुठे घडले आहे काय? तेव्हा कळले, की हा रोग जुना आहे आणि भल्याभल्यांना झालेला आहे.

वाफेचा माल

संगणकाच्या धंद्यात अशा मालाला एक नावच आहे, 'व्हेपरवेअर'. व्हेपर म्हणजे वाफ. जाहिरात झाली, किंमत सांगितली, तारीख सांगितली, पण हातात धरायला जावे तर वाफ! अमेरिकेत एस्थर डायसन नावाच्या बाई संगणक-व्यवसायावर एक बातमीपत्र काढत. त्यांनी १९८३ साली त्यात हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. आपल्या पूर्वजांनी मात्र हीच गोष्ट फार आधी सांगून ठेवली आहे : बाजारात तुरी, भट भटणीला मारी.

त्याच १९८३ साली अमेरिकेतील ओव्हेशन नावाच्या कंपनीने एक सॉफ्टवेअर जाहीर केले. पत्र लिहिणे, हिशेबाचे तक्ते मांडणे, माहितीचा साठा ठेवणे, सगळी कामे एकाच ठिकाणी होणार असे सांगितले. प्रात्यक्षिक पाहून पत्रकार खूश झाले. पण तो माल शेवटपर्यंत बाजारात आलाच नाही आणि वर्ष-दीड वर्षात कंपनीच बंद पडली. पडद्यावर दिसणारे चित्र वेगळे आणि रोजच्या कामाला जुंपता येणारे सॉफ्टवेअर वेगळे, हा धडा तिथला. आम्ही तो आपल्याच कारखान्यावर घेतला.

ऑस्बर्न यांचे नुकसान

याहून बोलकी गोष्ट ॲडम ऑस्बर्न यांची. या गृहस्थांचे बालपण तामिळनाडूत गेले आणि २००३ साली त्यांचे निधनही कोडाईकनाल येथेच झाले. त्यांनी अमेरिकेत एप्रिल १९८१ मध्ये 'ऑस्बर्न १' हा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंची, किंमत १७९५ डॉलर आणि त्याच किमतीत पत्रलेखनाचे व हिशेबाचे सॉफ्टवेअरही. लोकांनी उड्या टाकल्या.

पुढे १९८३ च्या सुरुवातीला पुढच्या, सुधारलेल्या संगणकाची चर्चा सुरू झाली. नवे अजून दुकानात नव्हते, पण त्याची कीर्ती मात्र पोचली होती. गिऱ्हाइकाने काय करावे? चांगले येणार आहे तर आज जुने कशाला घ्या? जुन्याचा खप घसरला, नवे वेळेवर भरपूर आले नाही आणि रोख पैसा आटला. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. तेव्हापासून, नव्याची बातमी लवकर फोडून जुन्याचा खप मारण्याला 'ऑस्बर्न परिणाम' असेच म्हणतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. केवळ घोषणेने ती कंपनी बुडाली, हे सगळ्यांना मान्य नाही. केप्रो, कॉम्पॅक अशा प्रतिस्पर्ध्यांनी सरस माल आणला होता आणि कंपनीचा अंतर्गत कारभारही विस्कळीत होता, असे म्हणणारे बरेच आहेत. पण नव्याच्या आशेवर चालते काम थांबते, ही गोष्ट खोटी ठरत नाही. आपल्या गट कार्यालयात झाले ते हेच. फरक इतकाच, की तिथे खप थांबला आणि इथे नोंद थांबली.

विंडोजला लागलेली दोन वर्षे

आज संगणक लावला की जी 'विंडोज' दिसते, तिचीही सुरुवात अशीच आहे. व्हिजिकॉर्प नावाच्या कंपनीने १९८२ च्या नोव्हेंबरात अशाच धर्तीचे, खिडक्या-खिडक्यांचे 'व्हिजिऑन' प्रदर्शनात मांडले. त्यानंतर वर्षभराने, १० नोव्हेंबर १९८३ रोजी, मायक्रोसॉफ्टने न्यूयॉर्कमध्ये विंडोजची घोषणा केली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९८४ च्या वसंतापर्यंत माल येईल, अशी भाषा होती. प्रत्यक्षात विंडोजची पहिली आवृत्ती बाहेर पडली २० नोव्हेंबर १९८५ ला! दोन वर्षे वर दहा दिवस.

मग मायक्रोसॉफ्ट कशी तरली? तिचा जुना धंदा, म्हणजे डॉस ही प्रणाली, जोरात चालू होता. लागणीचा ऊस बसला तरी खोडव्याने घर चालवले, तसेच म्हणा. ऑस्बर्नजवळ असा आधार नव्हता. घोषणा चुकली तर तगून राहण्याची ताकद आहे की नाही, हा हिशेब आधी मांडावा लागतो.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' नावाचा संगणकावरचा खेळ १९९७ साली जाहीर झाला आणि २०११ साली विक्रीला आला. चौदा वर्षे! ज्या पोरांनी वाट पाहायला सुरुवात केली, ती तोवर बाप झाली असतील.

तारीख का चुकते?

"पैसे दिलेत ना, मग माणसं वाढवा की," असे आपण सहज म्हणतो. ऊसाच्या फडात ते खरे आहे. दोनाच्या चार टोळ्या लावल्या, तर फड लवकर निघतो, कारण प्रत्येक टोळी आपापल्या सरीत स्वतंत्र काम करते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड सॉफ्टवेअरचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी अनुभवाने सांगितले, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर नवी माणसे घातली तर ते आणखी रखडते. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि एकाचे काम दुसऱ्याच्या कामात गुंतलेले असते.

दुसरे कारण असे, की अडचणी वापरात आल्यावरच दिसतात. आमच्याकडेच पाहा ना. एकाच नावाचे तीन सभासद, सामाईक सातबारा, बाप-लेकांच्या वेगळ्या नोंदी पण विहीर एक, लागणीचा खोडवा झाला तरी जुनीच तारीख, मळ्यात मोबाईलला रेंज नाही. हे कुठल्याही प्रात्यक्षिकात येत नाही. आमच्या चिटबॉयला मात्र हे सगळे तोंडपाठ असते.

दुसऱ्याचे गिऱ्हाईक अडवण्यासाठी

काही वेळा घोषणा चुकून लवकर होत नाही, मुद्दामच लवकर केली जाते. प्रतिस्पर्ध्याचा माल तयार असतो आणि आपला नसतो. मग 'थांबा, आमचा येतोय' म्हटले, की गिऱ्हाईक थांबते. १९६४ साली कंट्रोल डेटा कंपनीचा ६६०० हा त्या काळचा सर्वांत वेगवान संगणक आला. आयबीएमने त्याच्या तोडीच्या संगणकाची घोषणा केली, पण तो गिऱ्हाइकाला मिळायला काही वर्षे गेली. कंट्रोल डेटाने डिसेंबर १९६८ मध्ये आयबीएमवर दावा लावला. १९७३ साली तडजोड झाली आणि आयबीएमला आपली एक उपकंपनी कंट्रोल डेटाच्या हवाली करावी लागली.

पुढे फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायाधीश स्टॅनली स्पॉर्किन यांनी मायक्रोसॉफ्ट व अमेरिकी सरकार यांच्यातील समझोता नाकारला. त्यांनी ज्या बाबींवर बोट ठेवले, त्यात माल नसताना केलेल्या घोषणांचाही मुद्दा होता. वरच्या कोर्टाने त्याच वर्षी तो निकाल फिरवला, हेही खरे. पण बातमी हेसुद्धा बाजारातले हत्यार आहे, हे यावरून कळते.

मग आधी सांगूच नये काय?

तसेही नाही. विंडोजची खबर आधी मिळाली, म्हणून इतर कंपन्यांना तिच्यावर चालणारी सॉफ्टवेअर लिहायला वेळ मिळाला. कारखान्यानेही एखादी पद्धत रातोरात बदलून चालणार नाही. सभासदाला, मुकादमाला, वाहनमालकाला आधी कळलेच पाहिजे. गुपचूप केले तर "आम्हाला विचारलं का?" असा रास्त सवाल येईल.

प्रश्न आहे तो कोणत्या टप्प्यावर काय सांगायचे याचा. इथे आपल्या ऊसाच्या जातीच उत्तम गुरू आहेत. को ८६०३२ या जातीच्या नावातला ८६ हा आकडा १९८६ सालचा. महाराष्ट्रात ती प्रसारित झाली १९९६ साली. मधली दहा वर्षे काय झाले? लागण, खोडवा, वेगवेगळ्या जमिनी, वेगवेगळे हंगाम, उतारा, रोग, असे सगळे तपासले गेले. चाचणीत चांगली दिसली म्हणून कोणी शेतकऱ्याला 'आहे तो ऊस मोडून टाका' असे सांगितले नाही. प्रसारित झाल्यावरही शहाण्या शेतकऱ्याने आधी बेणेमळा केला आणि मग क्षेत्र वाढवले. चाचणीला चाचणी म्हणावे आणि प्रसाराला प्रसार. घोटाळा होतो तो चाचणीला प्रसार म्हटल्यावर.

आम्ही काय ठरवले

संचालक मंडळाशी व शेतकी खात्याशी बोलून आम्ही पुढील गोष्टी ठरवल्या आहेत.

१. नव्या सॉफ्टवेअरची चाचणी सध्या एकाच गटात चालू आहे. ती चाचणी आहे, याउपर काही नाही. सर्व गटांसाठी तारीख आम्ही आज सांगणार नाही.

२. एक पूर्ण हंगाम वही आणि मोबाईल दोन्ही नोंदी बरोबरीने ठेवल्या जातील. दोन्हींचा मेळ बसल्यावरच पुढचे पाऊल. मेळ बसला नाही, तर वहीतली नोंद खरी धरली जाईल.

३. गट कार्यालयातील नोंद बंद झालेली नाही. फॉर्म पुरेसे छापले आहेत. लागण झाली की नेहमीप्रमाणे नोंद करा, पोच घ्या आणि जपून ठेवा.

४. या बातमीपत्रात यापुढे 'होणार' आणि 'झाले' या दोन गोष्टींची सरमिसळ होणार नाही. कारखान्यावर चालू झालेले, आम्ही डोळ्यांनी पाहिलेले काम तेवढे 'झाले' म्हणून छापू.

आणि एक विनंती. हे केवळ सॉफ्टवेअरपुरते नाही. उद्या कोणी दारात येऊन नवे औषध, नवे यंत्र, नवे बेणे जाहीर करील, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. हे आज कोणाच्या रानात चालू आहे? तिथे जाऊन बघता येईल का? आणि हे वेळेवर आले नाही, तर तोवर माझे काय? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर नाही, त्याच्या भरवशावर चालते काम थांबवू नका.

सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या सभासदांचे आम्ही आभारी आहोत. त्यांनी "येत नाही म्हणून तरी सांगा" म्हटले होते. त्यांना आज आमचे उत्तर असे : काका, अजून आलेले नाही. येईल तेव्हा तुमच्या गटात, तुमच्या देखत चालवून दाखवू आणि मगच छापू. तोवर आपली नोंद तेवढी चुकवू नका.

आपले,
संपादक मंडळ