नागपुरात एकच दिवस आहे? दीक्षाभूमीला असे या

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावचे कार्यकर्ते आमच्याकडे मनीषनगरात उतरतात. बहुतेकांच्या हाती एकच दिवस असतो आणि त्यातला निम्मा ऑटो व पार्किंग शोधण्यात जातो. म्हणून अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

गाडी मुक्कामी ठेवा. जयप्रकाशनगर स्थानकावरून सकाळी लवकर मेट्रो पकडा, रहाटे कॉलनीला उतरा आणि पुढे पायी चला. गर्दीत मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा नसतो. भेटायची जागा व वेळ आधीच ठरवा. म्हाताऱ्या माणसांच्या आणि मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. पाण्याची बाटली सोबत असू द्या.

स्तूपासमोर लांब रांग असेल तर आधी पुस्तकांचे स्टॉल पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच भूमीवर लाखो अनुयायांना धम्मदीक्षा आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. इथून जाताना एक तरी ग्रंथ घ्या, गावी वाचायला द्या.

वेळ उरला तरच कामठीचे ड्रॅगन पॅलेस गाठा. रहाटे कॉलनीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत थेट मेट्रो आहे. पुढे बस किंवा ऑटो. पण सेल्फीपुरते सगळीकडे धावू नका. दीक्षाभूमीवर तासभर शांत बसलात, तरी येणे सार्थकी लागेल.