मोहल्ल्याचे नाव आणि व्यापाऱ्याचे भाडे

आपल्या शहरांतील जुन्या वस्त्यांत अलीकडे भिंती रंगवण्याचे, कमानी उभारण्याचे आणि गल्लीला काहीतरी नवे 'नाव' देण्याचे प्रयत्न दिसू लागले आहेत. मुंबईत २०१७ साली ससून डॉकच्या भिंतींवर चित्रकारांनी मोठे काम केले आणि मासळीबाजाराकडे कधी न फिरकणारे लोक तेथे गेले. उद्या असाच प्रस्ताव आपल्याही मोहल्ल्यात येईल. तेव्हा दुकानदारांनी आणि कारागिरांनी हो म्हणावे की नाही, आणि हो म्हणायचे तर कोणत्या अटींवर, याचा विचार आजच व्हावा असे आम्हाला वाटते. त्यासाठी मशिदीभोवती वाढलेल्या एका जुन्या मुस्लिम बाजारपेठेची, सिंगापूरच्या काम्पोंग गेलामची हकीकत वाचकांपुढे ठेवत आहोत.

जुनी पेठ

इंग्रजांनी १८१९ साली सिंगापुरात ठाणे केले आणि १८२२ च्या नगररचनेत हा भाग सुलतान हुसेन शाह, त्यांचे मलय लोक, तसेच बुगी आणि अरब व्यापारी यांच्यासाठी राखला. होड्यांच्या फटी बुजवण्यासाठी ज्या झाडाची साल वापरत, त्या गेलाम झाडावरून वस्तीला नाव पडले. १८२४ ते १८२६ या काळात तेथे सुलतान मशीद बांधली गेली. आजची सोनेरी घुमटांची इमारत डेनिस सँट्री या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १९३२ साली पूर्ण झाली.

या घुमटांच्या खालच्या बाजूला काळपट चकाकणारा एक पट्टा दिसतो. तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. मशिदीच्या कामात केवळ धनिकांचा पैसा लागू नये, गरिबाचाही हात लागावा म्हणून गोरगरिबांकडून बाटल्या घेऊन त्या तेथे बसवल्या, असे सांगतात.

या वस्तीचा व्यापार हजशी बांधलेला होता. आसपासच्या बेटांवरून आलेले यात्रेकरू जहाजाची वाट पाहत येथे मुक्काम करीत. त्यांच्यासाठी खाणावळी, अत्तर, टोप्या, कापड आणि धार्मिक पुस्तकांची दुकाने उभी राहिली. मुंबईकरांना हे चित्र अनोळखी नाही. १९९५ पर्यंत आपल्याकडचे हाजी मुंबईहून जहाजाने जात आणि मुसाफिरखान्यांच्या आसपासच्या कित्येक दुकानांचा धंदा त्यांच्यावर चाले. विमाने आली, मुक्काम संपले आणि दोन्हीकडच्या बाजारांना नवे गिऱ्हाईक शोधावे लागले.

नाव कसे घडवले

१९८९ साली सरकारने काम्पोंग गेलामला जतन-क्षेत्र ठरवले. जुनी दुकानघरे पाडता येणार नाहीत, दर्शनी भाग तसाच राखावा लागेल, असा नियम झाला. पुढे मशिदीसमोरच्या बसोरा स्ट्रीटवर वाहनांना बंदी करून तो पायी फिरण्याचा रस्ता केला गेला. सुलतानाच्या जुन्या वाड्यात त्यांचे वंशज राहत होते. १९९९ मध्ये सरकारने वाड्याचे वारसा केंद्र करण्याचे ठरवले, वंशजांना नुकसानभरपाई दिली आणि २००५ साली मलय वारसा केंद्र उघडले.

कलेचे काम त्यानंतर जोरात आले. २०१२ साली मस्कत नगरपालिकेच्या सहकार्याने तेथील मस्कत स्ट्रीटवर कमानी आणि भित्तिचित्रे झाली. या गल्लीचे नाव जुने, ओमान आणि सिंगापूर यांच्यातील सागरी व्यापाराचा धागाही जुना. हाजी लेन ही अगदी अरुंद गल्ली. तेथे तरुणांनी कपड्यांची छोटी दुकाने काढली, भिंती भडक रंगांनी भरल्या आणि फोटो काढणाऱ्यांची रीघ लागली. २०१९ मध्ये दुकानांच्या मागच्या, कचऱ्याच्या डब्यांच्या गल्ल्यांतही चित्रे रंगवून त्यांना 'गेलाम गॅलरी' म्हटले गेले.

मोहल्ल्याचे ब्रँडिंग म्हणजे एवढेच. दुकानाच्या पाटीआधी वस्तीचे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी यावे आणि त्या नावाने त्याचे पाय वळावेत. एकट्या दुकानदाराला अशी जाहिरात परवडत नाही, म्हणून ती सर्वांनी मिळून करायची.

खर्चासाठीही व्यवस्था आहे. २०१४ साली व्यापारी व रहिवासी यांच्या सहभागाने 'वन काम्पोंग गेलाम' ही संस्था स्थापन झाली. २०१७ मध्ये सरकारने काही बाजारपेठांसाठी प्रायोगिक योजना जाहीर केली. तिच्यात स्थानिकांनी स्वेच्छेने जमवलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरकार ठराविक मर्यादेपर्यंत एक डॉलर घालते. साफसफाई, रोषणाई, रमजानचा बाजार, चित्रे ही कामे अशा पैशातून होतात. ज्याचा पैसा त्याचा शब्द चालतो, हे आमच्या व्यापारी बंधूंना वेगळे सांगायला नको.

भाड्याचा हिशेब

आता दुसरी बाजू. सिंगापुरात भाडेनियंत्रण कायदा २००१ साली रद्द झाला. तेथे दुकानाचा करार साधारण दोन-तीन वर्षांचा असतो आणि मुदत संपली की मालक बाजारभाव मागतो. गर्दी वाढली की बाजारभाव वाढतो. म्हणजे ज्या कापडवाल्याने वर्गणी देऊन गल्ली नावारूपाला आणली, त्याच्याच भाड्यात त्या नावाची किंमत मिळवली जाते.

समजा, एका अत्तरवाल्याला शंभर रुपयांच्या विक्रीत तीस रुपये सुटतात आणि दुकानाचे भाडे पंधरा हजार आहे. नुसते भाडे निघायला त्याला महिना पन्नास हजारांची विक्री लागते. भाडे तीस हजार झाले की एक लाखाची लागते. गल्लीत माणसे दुप्पट झाली तरी ती अत्तरच घेतील असे नाही. फोटो काढायला आलेला माणूस सरबत पितो, एखादी किरकोळ वस्तू घेतो आणि निघून जातो. त्याला पाच वार कापड नको असते. अशा गर्दीत उपाहारगृह तगते आणि कारागीर मागे पडतो. काम्पोंग गेलाममध्ये जुनी दुकाने जाऊन तेथे उपाहारगृहे आणि सगळीकडे मिळतो तसल्या भेटवस्तूंची दुकाने येत आहेत, अशी ओरड बरीच वर्षे आहे. २०२५ साली तेथील वारसा मंडळाने जुन्या व्यवसायांना मान्यता आणि मदत देण्याची प्रायोगिक योजना सुरू केली, ती या तक्रारींनंतरच. जतनाच्या नियमाने इमारती १९८९ पासून सुरक्षित होत्या. त्यांच्यातल्या धंद्यांना असे संरक्षण नव्हते.

आपल्याकडे काय करावे

आपली परिस्थिती एका बाबतीत वेगळी आहे. महाराष्ट्रात पागडीच्या जुन्या भाडेकरूला १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याचे भाडे दरसाल चार टक्क्यांनी वाढवता येते. परंतु 'लिव्ह अँड लायसन्स'वर बसलेल्या दुकानदाराला हा आधार नाही. आपल्या मोहल्ल्यात दोन्ही प्रकारचे दुकानदार असतात. म्हणून रंगकाम सुरू होण्याआधी आपला करार किती मुदतीचा आहे हे प्रत्येकाने तपासावे आणि जमल्यास तो लांबवून घ्यावा. गल्ली प्रसिद्ध झाल्यावर मालकाशी बोलणी करायला गेलात तर उशीर झालेला असेल.

दुसरे, नावाची कायदेशीर नोंद. मिरजेच्या सतारमेकर गल्लीचे उदाहरण आपल्या घरचे आहे. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. तेथे भिंती रंगवण्याआधी मालाने गल्लीला नाव दिले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता दुसऱ्या गावच्या वाद्याला मिरजेचे म्हणून विकता येणार नाही. ज्यांच्याकडे असा खास स्थानिक माल आहे त्यांनी हा मार्ग धरावा. मानांकन झाल्यावर प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलीही नोंद करावी लागते, हे विसरू नये. जेथे असा एकच माल नाही, तेथील व्यापारी संघटनेला १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली सामूहिक चिन्ह नोंदवता येते.

तिसरे, चित्र कशाचे असावे हे मोहल्ल्याने ठरवावे. मशिदीजवळ प्राणिमात्रांची चित्रे अनेकांना रुचणार नाहीत आणि तसा आग्रह धरण्याचे कारणही नाही. खुशखत, वेलबुट्टी, जाळीकाम, जुन्या जहाजांचे मार्ग, धंद्याची अवजारे असे विषय आपल्याकडे भरपूर आहेत. काम शक्यतो आपल्याच कारागिरांना द्यावे. पाट्या रंगवणारा, जाळी कापणारा, पितळेवर नक्षी करणारा मोहल्ल्यातच असताना मजुरी बाहेर का जावी? चित्र पिशवीवर किंवा डब्यावर छापण्याचा हक्क कोणाचा, खराब झाल्यावर दुरुस्ती कोण करणार, हे आधीच लेखी ठरवावे. घरमालक, मशिदीचे विश्वस्त आणि पालिका यांची परवानगीही लेखीच घ्यावी.

चौथे, कमिटीत जागा. अशा कामात उपाहारगृहवाले पुढे असतात, कारण त्यांचा फायदा रोकडा असतो. रफू करणारा, टोपी शिवणारा, मागच्या खोलीत हातोडी चालवणारा माणूस सभेला येतच नाही. त्याच्यासाठी जागा राखावी आणि सभा त्याच्या कामाच्या वेळेत ठेवू नये. वर्गणी दुकानाच्या आकाराप्रमाणे असावी. लहानात लहान कारागिराकडूनही थोडी का होईना घ्यावी, म्हणजे त्याला विचारण्याचा हक्क राहील. सुलतान मशिदीच्या घुमटाखाली गरिबांच्या बाटल्या बसवणाऱ्यांनी हेच केले होते.

रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांत दूरदूरचे लोक येतात. ईदनंतर बाजार थंड होतो तेव्हा संघटनांनी एक बैठक बोलवावी, वर दिलेले चार विषय तिच्यापुढे ठेवावेत आणि गल्लीतील प्रत्येक दुकानाच्या कराराची यादी करावी. प्रस्ताव घेऊन कोणी आला, तर त्याच्याशी बोलताना ही यादी, इन्शाअल्लाह, उपयोगी पडेल.