‘मने’ की ‘वुने’?

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहायला आलो तेव्हा कोपऱ्यावरच्या फाटकाला एक पाटी लटकत होती: ‘मने बाडिगेगे’. घर भाड्याने देणे आहे. खाली इंग्रजीत ‘टु लेट’ असल्यामुळे वरची कन्नड अक्षरं मला वाचावी लागत नसत. माझ्या लेखी ती वेलबुट्टी होती. पुढे 2024 मध्ये पाटीची 60 टक्के जागा कन्नडला द्यायचा कायदा झाला, सत्ताविसाव्या मेन रस्त्यावरची वेलबुट्टी भराभर मोठी झाली, आणि म्हटलं, आता शिकलंच पाहिजे.

शिकताना आधी मोडला तो डोळा म्हणजे कॅमेरा हा समज. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. एका वेळी नीट दिसतं ते जेमतेम तेवढंच, भोवतालचं सगळं धूसर. डोळे सेकंदाला तीनेक उड्या मारत हे तुकडे गोळा करतात. मेंदूकडे जाणारी नस जिथून निघते तिथे तर काहीच दिसत नाही, पण ते भोक आपल्याला जाणवत नाही. ‘अख्खी पाटी एका नजरेत दिसली’ हा हिशेब मनाने मागाहून जुळवलेला असतो.

तो जुळतो कसा? माक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञाने 1923 च्या निबंधात हे साध्या ठिपक्यांवर दाखवलं: जवळजवळचे ठिपके मन एका गटात घालतं, सारखे दिसणारे एकत्र बांधतं. आमच्या गल्लीत सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी पडते, तेव्हा हेच घडतं. रेघ अजून ओढलेली नसते, तरी आपल्याला रांगा दिसतात. चिमूट जरा सरकून एक ठिपका दुसऱ्याच्या जवळ पडला की त्यांची जोडी लागलीच. देवनागरीत हे काम शिरोरेषा करते. सगळा शब्द एका दोरीवर वाळत घातल्यासारखा. कन्नडमध्ये ती दोरी नाही. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आपापली छोटी खूण, म्हणजे तलकट्टु, आणि शब्द कुठे संपला हे सांगायला फक्त मधली मोकळी जागा. रंगाऱ्याने पाटीवर दाटीवाटी केली असली की सुरुवातीला मला एक शब्द कुठे संपून दुसरा कुठे सुरू झाला तेच उमगत नसे.

वेर्थहायमरच्या पंथाच्या नावावर ‘पूर्ण हे भागांच्या बेरजेहून मोठं’ असं सर्रास खपवलं जातं. त्यातल्याच कुर्ट कॉफ्काला ते मान्य नव्हतं. मोठं नव्हे, वेगळं, एवढंच त्याचं म्हणणं.

आता ‘मने’. कन्नडमधला ‘म’ आणि उकार दिलेला ‘व’ हे चेहऱ्याने जुळे भाऊ. दोघांच्याही उजव्या हाताला आकडा. मी कित्येक दिवस ‘वुने’ वाचत होतो. शेवटी वॉचमन हसला, “सर, अदु मने!”

सराईत वाचक अक्षरं न बघता अख्खा शब्द चित्रासारखा ओळखतो, असं मीही मानत होतो. याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेत आकाश अग्रवाल, के. व्ही. एस. हरी आणि एस. पी. अरुण यांनी तेलुगू आणि मल्याळम वाचणाऱ्यांवर प्रयोग केले. 2019 मध्ये आलेला निष्कर्ष जवळपास उलटा होता. लिपी येणाऱ्याला शब्द कसा दिसेल हे त्यातल्या सुट्या अक्षरांवरून जास्त नेमकं सांगता येतं. शेजारची अक्षरं एकमेकांत कमी लुडबूड करतात. म्हणजे सरावाने अक्षरं चिकटत नाहीत, सुटी होतात. माझ्या वेलबुट्टीचं नेमकं हेच झालं.

आणि तो व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘केंब्रिजचा शोध’: पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर ठेवा, मधली कशीही उलटीपालटी करा, वाचता येतंच! केंब्रिजमध्ये असा शोध कुणी लावलेलाच नव्हता. तिथल्याच मॅट डेव्हिस या संशोधकाने त्याची शहानिशा केली. ‘दखावाना’ आपण विनातक्रार ‘दवाखाना’ वाचतो, हे खरं. पण ‘भाजीवाला’चं त्याच नियमाने ‘भावाजीला’ करा. भाजी जाते आणि बहिणीचा नवरा दारात उभा राहतो. 2020 मध्ये बेंगळुरूच्याच गटाने दाखवलं की विस्कटलेला शब्द मूळ शब्दासारखा किती दिसतो, यावर त्याचं वाचणं बरंचसं ठरतं. टोकाच्या दोन अक्षरांत काही जादू नाही.

खरं काय ते कळलं की भास जातो, असंही म्हणतात. म्युलर-लायरच्या 1889 च्या भासचित्रातल्या, टोकांना उलटसुलट बाण असलेल्या दोन रेघा पट्टीने मोजा. सारख्या भरतात, आणि पट्टी उचलली की पुन्हा लहानमोठ्या दिसतात. वाचनही असंच हट्टी. फाटकावरच्या पाटीकडे नुसती नक्षी म्हणून बघायचं मी परवा ठरवलं, पण ‘मने’ आधीच वाचून झालं होतं. ‘र’ आणि ‘ठ’ मध्ये मात्र मी अजून फसतो. दोघांत फरक पोटातल्या एका ठिपक्याचा, आणि आमच्या भागातले रंगारी तो कधीकधी विसरतात.