उन्हात न दमणारं इंजिन

पहाटे 4.45

मे महिन्यात नागपुरात कामाचा दिवस अंधारातच सुरू करावा लागतो. आठ वाजले की हँगरचा पत्रा तापतो आणि अकरानंतर बाहेर राहिलेला पाना हाताला धरवत नाही. मी मूळचा शेगावचा, त्यामुळे उन्हाचं नवल नाही. पण आज ज्या विमानावर काम आहे, त्याचं सगळं दुखणंच उन्हाचं आहे.

विमान आहे बीचक्राफ्टचं किंग एअर सी-90. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, आत सहा-सात माणसांची जागा. किंग एअरचं हे 90 घराणं 1964 पासून उडतंय. आपल्याकडे ते उद्योगपतींच्या कामाला असतं, मंत्र्यांच्या दौऱ्यांना असतं, आणि स्ट्रेचर बसवलं की रुग्णांना हलवायलाही. या विमानाची पीटी6ए-21 जातीची दोन्ही इंजिनं ओव्हरहॉलच्या जवळ आली होती. त्यांचा ठरलेला पल्ला 3,600 तासांचा. तिथे पोचल्यावर मालकापुढे दोन वाटा असतात: तीच इंजिनं पूर्ण खोलून पुन्हा बांधून घ्यायची, किंवा त्याच प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीटी6ए-135ए बसवायची. मालकाने दुसरी वाट धरली, आणि मला ती मनापासून पटली. विमानाचा सांगाडा अजून चांगला आहे. त्याला ताकद हवी होती.

दोन्ही इंजिनं चढवून झाली आहेत. आज ती पहिल्यांदा सुरू व्हायची.

5.15

आधी हत्यारं मोजायची. आमच्या टूल बोर्डवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. जागा रिकामी दिसली की तो पाना सापडेपर्यंत कुणी पुढचं काम धरत नाही. मग चौघं जण ओळीने हँगरबाहेरच्या एप्रनवर खाली मान घालून चालतो. लॉकवायरचा तुकडा, वॉशर, खडा, जे दिसेल ते उचलायचं. पंखा, म्हणजे प्रॉपेलर, फिरायला लागला की तो जमिनीवरचं सगळं स्वतःकडे ओढतो, आणि त्याच्या पात्याला पडलेली बारीकशी खाच पुढे भेग होऊ शकते.

6.00

दुहेरी तपासणी. इंजिनाच्या कंट्रोलला ज्याने हात लावला, त्याने एकदा तपासायचं आणि ज्याने लावला नाही अशा दुसऱ्या परवानाधारकाने स्वतंत्रपणे पुन्हा. पॉवर लिव्हर, प्रॉपेलर लिव्हर, कंडिशन लिव्हर हे तिन्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलवायचे आणि इंजिनावरचा दांडा त्याच्या स्टॉपला खरंच टेकतो का, ते डोळ्यांनी बघायचं. कॉकपिटमधल्याने "टेकला" म्हटलं म्हणून आपण मानायचं नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो पंख्यामागच्या कार्बन ब्लॉकवर. नखाएवढा तुकडा. पंख्याबरोबर फिरणाऱ्या रिंगच्या खाचेत तो स्थिर बसलेला असतो आणि पाती किती वळली, याची खबर दांड्यातर्फे मागे पोचवतो. उतरल्यावर पाती उलटी वळवून विमान थांबवायचं, ते याच्या भरवशावर. घट्ट बसला तर झिजतो, सैल बसला तर हादरतो. फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातं सरकवून बघितलं. उजव्या बाजूचा बरोबर होता. डावा मला किंचित अडल्यासारखा वाटला. काढला, बारीक कागदावर दोन हलके हात फिरवले, पुन्हा बसवला. आता सरकतो.

मग लॉकवायर. बत्तीस थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) तार, इंचाला सहा ते आठ पीळ, आणि ओढ नेहमी बोल्ट आवळला जाईल त्या दिशेने. ज्याने वर्षानुवर्षं ही तार पिळली आहे, त्याचं काम लांबूनही ओळखू येतं.

7.10

विमान बाहेर ओढलं. नाक वाऱ्याकडे, चाकांना चोक, पंखाजवळ अग्निशामक घेऊन एक जण. नव्या इंजिनाच्या इंधनप्रणालीत गंज लागू नये म्हणून तेल भरून पाठवलेलं असतं. ते आधी घालवावं लागतं, म्हणून पहिल्यांदा ठिणगी न देताच स्टार्टरने इंजिन फिरवलं. मग स्टार्टरला थंड व्हायला वेळ दिला.

आता खरी सुरुवात. बॅटरीचे व्होल्ट बघितले, स्टार्टर दिला. इंजिनाचा वेग बारा टक्क्यांच्या पुढे जाऊन स्थिरावला, तशी कंडिशन लिव्हर पुढे केली. इंधन गेलं, आणि पीटी6चा तो ओळखीचा घुमणारा सूर उठला. या क्षणी नजर फक्त तापमानाच्या काट्यावर. तो झपाट्याने चढतो, आणि मर्यादेला शिवणार असं वाटलं तर इंधन तिथल्या तिथे तोडायचं. विचार करायला वेळ नसतो. काटा चढला, वळला, खाली येऊन बसला. डावं चालू. थोड्या वेळाने उजवंही.

पाच मिनिटं आयडलवर ठेवून बंद केली.

8.30

काऊलिंग उघडून टॉर्च घेऊन बसलो. उजव्या इंजिनाच्या एका इंधन जोडावर ओल दिसली. थेंब नव्हता, नुसती चमक. पुसलं, इंजिन पुन्हा नुसतं स्टार्टरने फिरवून बघितलं, पुन्हा चमक. जोड खोलला, आतली बैठक भिंगाखाली तपासली, नीट होती. नवीन सील घातलं, टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळलं, तार नव्याने पिळली. या चमकेने तास-दीड तास खाल्ला. इंधनाच्या ओलीला "इतकं चालतं" म्हणणारा माणूस मी हँगरमध्ये ठेवणार नाही.

10.30

चहा, हँगरबाहेरच्या खोलीत. आमच्याकडे सध्या इंटर्नशिपला शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातली दोन मुलं आहेत. हे कॉलेज 1983 साली गजानन महाराज संस्थानने काढलं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या किती पोरांच्या हातात त्याने पदवी दिली, ते आमच्या गावच्या माणसाला सांगावं लागत नाही. मुलगी शेगावचीच, मुलगा खामगावचा. मुलीने घरून कचोऱ्या आणल्या होत्या.

"सर, जय गजानन. एक विचारू? जुनं इंजिन 550 अश्वशक्तीचं, नवंही 550चंच लिहिलंय. मग एवढा खटाटोप कशाला?"

नेमका प्रश्न. या कामात हाच प्रश्न मोलाचा आहे, आणि मालकसुद्धा पुष्कळदा तो विचारत नाहीत.

मी कागद ओढला. पीटी6मध्ये हवा इंजिनाच्या मागच्या बाजूने आत शिरते, पुढच्या दिशेने वाहत जाते आणि पंख्यामागच्या दोन नळकांड्यांतून बाहेर पडते. आधी तीन अक्षीय टप्पे आणि एक सेंट्रिफ्युगल टप्पा मिळून हवा दाबतात, मग ज्वलनकक्षात चौदा नोझल इंधन फवारतात. तापलेला वायू पहिल्या टर्बाइनला फिरवतो. ती कॉम्प्रेसर चालवते. उरलेला जोर दुसऱ्या टर्बाइनला मिळतो आणि ती गिअरबॉक्समधून पंखा फिरवते. या दोन टर्बाइनना जोडणारा दांडा नाही, मध्ये फक्त वायू.

"आता मे महिना धर. हवा तापली की विरळ होते. तेवढीच ताकद काढायला इंधन जास्त जाळावं लागतं, आतलं तापमान चढतं. पीटी6ए-21ची तापमानाची मर्यादा 695 अंश. अकोल्याला भर दुपारी पायलट लिव्हर पुढे करतो आणि 550 मिळायच्या आधीच काटा 695ला टेकतो. लिव्हर मागे घ्यावी लागते. कागदावर 550, धावपट्टीवर कमी."

"आणि 135ए?"

"तिची मर्यादा 805 अंश. आतून ती 750च्या घरातली ताकद काढू शकते, पण गिअरबॉक्स आणि विमान यांच्यासाठी तिला 550वर बांधलंय. नव्या दमाची बैलजोडी त्याच बंडीला जुंपल्यासारखं आहे. ओझं तेच, पण उन्हात मान टाकत नाही."

मुलगा मोबाइलवर गणित करत होता. जुन्या इंजिनाचा पंखा मिनिटाला 2,200 फेरे, टॉर्क 1,315 फूट-पौंड. नव्याचा 1,900 फेरे, टॉर्क 1,520. दोघांचा गुणाकार करून 5,252ने भागला, दोन्हीकडे 550च्या आसपास आले. त्याच्या तोंडावर जे उमटलं, ते बघून मला बरं वाटलं. पंखा हळू फिरतो, म्हणून केबिनमध्ये आवाजही कमी येतो.

पण मला त्यांना त्यापुढचं सांगायचं होतं. दोन इंजिनांच्या विमानाचं खरं दुःख असतं उड्डाणानंतर लगेच एक इंजिन गेलं तर. तेव्हा चढायचं ते उरलेल्या एकाच्या जिवावर. बाहेर 44 अंश, आत स्ट्रेचरवर माणूस, आणि उरलेलं इंजिन तापमानाला अडून बसलेलं. अशा वेळी वरचे पन्नास-शंभर घोडे वेगासाठी नसतात, समोरच्या झाडांवरून जाण्यासाठी असतात. अमरावतीला बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025ला प्रवासी विमानसेवा सुरू झाली, चांगलं झालं. पण शेगावकराला जवळ पडतं ते अकोल्याचं शिवणी विमानतळ, आणि तिथली धावपट्टी वाढवायची मागणी जुनीच आहे. तोवर आखूड धावपट्टी आणि वऱ्हाडचं ऊन या दोन्हींना पुरून उरेल असं इंजिन हवं.

एक मात्र बजावलं: पंख, शेपूट, वेगाची लाल रेघ, काहीही बदललेलं नाही. ताकद वाढली म्हणून विमान जास्त वेगाने दामटायचं नसतं.

12.30

कागद. तापमान, टॉर्क आणि पंख्याचे फेरे, तिन्ही घड्याळांवरच्या लाल रेघा नव्या जागी आल्या आहेत का, ते पायलटच्या खुर्चीत बसून बघितलं. इंजिनांची प्रमाणपत्रं, बदलाची डीजीसीएची मान्यता, फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी, इंजिनाचं आणि पंख्याचं वेगळं लॉगबुक. प्रत्येक सिरियल नंबर इंजिनावरच्या पाटीशी अक्षरन् अक्षर ताडून बघायचा, कागदाशी कागद जुळवून भागत नाही.

2.50

एप्रनवर 44 अंश. मुद्दाम हीच वेळ निवडली.

तक्त्यात बाहेरचं तापमान आणि हवेचा दाब घातला की किती टॉर्क लावायचा ते मिळतं. तेवढा लावायचा, आणि इंजिनाचा वेग, तापमान आणि इंधनाचा खप तक्त्यातल्या आकड्याखाली राहतात का ते बघायचं. राहिले तर इंजिन निरोगी.

सकाळी थंडाव्यात दोन्ही इंजिनं आयडलवरच चालली होती. आता लिव्हर हळूहळू पुढे. विमान चोकवर नाक खाली दाबून थरथरायला लागलं. टॉर्क ठरल्या आकड्यावर आला, तिथे धरला. तापमानाचा काटा जुन्या 695च्या खुणेजवळ आला, ती ओलांडून थोडा पुढे गेला आणि थांबला. 805 अजून बरंच लांब होतं. या विमानाची जुनी इंजिनं इथेच लिव्हर मागे घ्यायला लावायची. मुलगी मागच्या जागेवर बसून आकडे लिहीत होती. दोन्ही इंजिनांचे आकडे एकमेकांशी जुळले.

4.15

तेलाची पातळी बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बघायची, उशीर झाला तर माप फसवं येतं. मग गिअरबॉक्सच्या तळाचा चिप डिटेक्टर काढला. हा चुंबकाचा बूच. आत लोखंड झिजत असेल तर त्याचे कण इथे चिकटतात. टोक पांढऱ्या कापडावर पुसून उन्हात धरलं. नव्या इंजिनात असते तशी पिठासारखी पुसट काळी रेघ. टोचणारा कण एकही नाही. उजव्याचंही तसंच. मुलांना दोन्ही कापडं नीट बघायला लावली. उद्या कुठेही गेली तरी हे बघणं त्यांना लागेल.

6.00

चाचणी उड्डाणाचा कार्यक्रम ठरवायला पायलटबरोबर बसलो. असं बसलं की मला घाटकोपरचा विमान अपघात आठवतोच. 28 जून 2018, जुहूहून चाचणी उड्डाणाला निघालेलं सी-90च होतं ते. विमानातले चौघं गेले आणि खाली रस्त्यावरचा एक माणूस. चौघांत दोन पायलट होते आणि दोघं देखभालीचे, म्हणजे आमच्या धंद्याचे. विमानाला हात लावलेली माणसं पुष्कळदा पहिल्या उड्डाणाला स्वतः आत बसतात. परवा मीही बसणार आहे.

म्हणून पायलटच्या प्रत्येक प्रश्नाला मी कागद दाखवून उत्तर दिलं, आणि ढग, वारा किंवा आमच्यापैकी कुणाच्या मनात किंतु, यातलं काहीही असलं तर उड्डाण पुढे ढकलायचं, हे दोघांनी आधीच ठरवून घेतलं.

7.30

शेगावहून बाबांचा फोन.

"काय रे, झालं का सुरू तुह्यं इमान?"

"झालं बाबा. दोन्ही इंजिनं चांगली चालली."

"मंग गावाले कवा येतं?"

"परवा उडवून पाहू द्या, मग विदर्भ एक्सप्रेसने येतो."

"आमच्या अकोल्यातून उडन का ते उन्हाळ्यात?"

बाबांना इंजिनातलं काही कळत नाही, पण प्रश्न नेमका तोच विचारला. "उडेल," म्हटलं.

8.10

लॉगबुकात आजच्या दोन्ही रनच्या नोंदी, बदललेलं सील, डाव्या कार्बन ब्लॉकचं काम, सगळं लिहून सही केली. विमान पुन्हा सेवेत सोडायची सही उड्डाणानंतर. उद्या पहाटे पाचला वजन: इंजिनं बदलली की रिकाम्या विमानाचं वजन आणि त्याचा मध्य दोन्ही सरकतात. त्यासाठी टाक्यांतलं इंधन रात्रीच काढायला सांगितलं आणि वजनाचे लोड सेल चार्जिंगला लावले.